‘प्रभूने मला दाखवलं’ असं कोणी म्हणालं तर: शास्त्र, आत्मा आणि दोन एकर कपाशी

यावल तालुक्यातल्या एका बहिणीने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्यांच्या गावच्या प्रार्थनासभेत बाहेरून एक प्रचारक आले होते. त्यांनी वडिलांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “प्रभूने मला दाखवलंय. दोन एकराचा तो तुकडा विका, त्यातला वाटा सेवेला द्या आणि महिनाभरात गाव सोडा.” तेव्हापासून वडिलांच्या घशाखाली घास उतरत नाही. आई म्हणते, देवाच्या माणसाचा शब्द मोडू नये. भाऊ म्हणतो, हे सगळं थोतांड आहे. या ताईंचं म्हणणं असं: “पाळकसाहेब, देव आजही आत्म्याने बोलतो, की बायबल लिहून झाल्यावर तो गप्प बसला? बोलत असेल तर बायबल पुरेसं आहे असं तुम्ही कसं शिकवता? आणि बोलत नसेल तर आपण प्रार्थनेत ऐकतो तरी काय?”

ताई, जमिनीचं आधी. वडिलांना सांगा, कुठल्याही कागदावर सही करू नका आणि कोणाकडून विसार घेऊ नका. जो शब्द खरोखर देवाचा असतो तो महिनाभर थांबल्याने शिळा होत नाही. उरलेलं उत्तर लांबलचक आहे. चौतीस वर्षं तापीच्या दोन्ही काठांच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, काढलेला माणूस थोडक्यात उत्तर देऊच शकत नाही, हे माझी बायकोही सांगेल.

आपण ज्याला ‘प्रकटीकरण’ म्हणतो त्याचा मूळ ग्रीक शब्दातला अर्थ आहे झाकण काढणं, पडदा बाजूला सारणं. पडदा आतून सारला जातो, हे त्यातलं महत्त्वाचं. आपण खिडकीला डोळा लावून देवाला हुडकून काढलेलं नाही, त्याने स्वतःला दाखवलं. सृष्टीतून तो थोडंसं दाखवतो. सातपुड्याच्या पायथ्याला मार्गशीर्षातल्या रात्री चांदणं पाहिलेल्याला एकोणिसावं स्तोत्र समजावून सांगावं लागत नाही, आणि येशूचा प्रेषित पौलही रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तेच म्हणतो. पण चांदण्या पापक्षमेबद्दल काही बोलत नाहीत. कोणी कितीही वेळ बघत बसला तरी त्याला वधस्तंभ दिसणार नाही. त्यासाठी देवाला तोंडाने बोलावं लागलं. इब्री लोकांस पत्राची सुरुवातच अशी आहे की देव पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे वेळोवेळी, नाना प्रकारे बोलला आणि शेवटी पुत्राच्या द्वारे बोलला. हा ‘शेवटी’ लक्षात ठेवा. ख्रिस्ती मनुष्य नव्या ग्रंथाची वाट पाहत नाही तो याच शब्दामुळे. ख्रिस्तात दाखवलं त्यापलीकडे देवाजवळ दाखवायला वेगळा चेहरा नाही.

मग शास्त्र, म्हणजे बायबल, आणि आत्मा यांचं नातं काय? तीमथ्याला दुसऱ्या पत्रात (३:१६) पौलाने शास्त्रासाठी ‘थिओप्न्युस्टॉस’ असा शब्द वापरला आहे. आपण त्याला ‘परमेश्वरप्रेरित’ म्हणतो. शब्दशः पाहिलं तर ‘देवाने श्वासातून सोडलेलं’. इब्रीत ‘रुआख’ आणि ग्रीकमध्ये ‘न्यूमा’ या एकेका शब्दात वारा, श्वास आणि आत्मा हे तिन्ही अर्थ आहेत. आता एक गंमत करून बघा: श्वास रोखून धरा आणि ‘येशू’ म्हणून दाखवा. जमणार नाही. श्वासाशिवाय शब्द बाहेर पडत नाही, आणि शब्दाशिवाय नुसता श्वास सोडला तर समोरच्याला काही कळत नाही. देवाचं वचन आणि देवाचा आत्मा यांना वेगळं करायला गेलं की असंच होतं. काहींजवळ नुसता कोरडा शब्द उरतो, काहींजवळ नुसती फुंकर.

पण श्वास देवाचा असला तरी तोंडं माणसांची होती, आणि ती त्याने पुसून टाकली नाहीत. आमोस संदेष्टा गुरं राखणारा होता, त्याच्या तोंडी शेतशिवारातलीच भाषा आहे. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच सांगतो की मी सगळ्याचा मुळापासून बारकाईने शोध घेऊन क्रमवार लिहितो आहे. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलं, त्याचा लेखनिक बारूख याने शाईने लिहून घेतलं, राजाने ती गुंडाळी चाकूने कापून शेगडीत टाकली, आणि बारूख पुन्हा लिहायला बसला. आपल्या खानदेशाला हे अवघड जाऊ नये. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, ओव्या उतरवून घेतल्या त्या घरच्यांनी. कागदावर अक्षर लेकाचं म्हणून गाणं लेकाचं होतं, असं कोणी म्हणत नाही. (उपमा अर्धीच चालते, हे मला ठाऊक आहे. बारूखाच्या अक्षराआड यिर्मया होता, आणि यिर्मयाच्या आड आणखी कोणीतरी.)

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. शास्त्र लिहून झालं, मग आत्म्याचं काम काय उरलं?

भुसावळजवळच्या एका वस्तीत आम्ही मार्काचा पाचवा अध्याय वाचत होतो. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई, पुष्कळ वैद्यांच्या हातून हाल सोसलेली, होतं नव्हतं ते खर्चून गुण न आलेली. एक म्हातारी कोपऱ्यात बसून ऐकत होती. आयुष्यात शाळेची पायरी न चढलेली. ती मधेच म्हणाली, “थांबा. त्यानं तिला ‘मुली’ म्हटलं?” मी म्हटलं, हो, ‘मुली, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं आहे.’ ती रडायला लागली. तो अध्याय मी तोवर तीसेक वेळा शिकवला असेन. वैद्यांवर बोललो होतो, झग्याच्या गोंड्यावर बोललो होतो, ‘मुली’ या शब्दावर कधी थांबलोच नव्हतो. त्या दिवशी देवाने त्या म्हातारीला नवी माहिती दिली नाही. शब्द तेच होते, एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. आत्म्याने तिचे डोळे उघडले. पुन्हा उठलेला येशू अम्माउसच्या वाटेवर ज्यांना भेटला त्या दोघा शिष्यांच्या बाबतीतही असंच झालं. प्रभूने त्यांना नवं पुस्तक दिलं नाही, जुनंच उलगडलं, आणि त्यांचं अंतःकरण आतल्या आत पेटलं.

शास्त्र लिहिणाऱ्यांवर आत्म्याने जे काम केलं ती प्रेरणा. ते एकदा झालं, पुरं झालं. ऐकणाऱ्यावर तो करतो ते उजेड देणं, आणि ते आज सकाळीही चालू आहे. उपदेशपीठांवरून या दोन्हींची सर्रास गल्लत होते. एखाद्याला पहाटे वचन वाचताना उजेड मिळतो, आणि संध्याकाळी तो प्रेरणा मिळाल्यासारखा बोलायला लागतो.

हा घोळ नवा नाही. दुसऱ्या शतकात फ्रुगियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, मोंतानुस नावाचा एक जण आणि त्याच्या बरोबरीच्या प्रिस्किला व मॅक्सिमिला या दोघी, आत्मा आमच्या तोंडून नवं बोलतो आहे, असं सांगू लागले. तर्तुल्यनसारखा बुद्धिमान ख्रिस्ती लेखकही त्यांच्या बाजूला गेला. मंडळीने त्यांना नाकारलं. त्यामागचं कारण नीट बघा. आत्मा मुका झाला आहे असं मंडळीचं म्हणणं नव्हतं. प्रेषितांच्या साक्षीच्या वर कोणाचाही आवाज चढू द्यायचा नाही, एवढंच तिने सांगितलं. पुढे ३६७ साली अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासिअस याने आपल्या पत्रात नव्या कराराची २७ पुस्तकं नावानिशी दिली, ती आजही आपल्या हातात तशीच आहेत.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात कॅल्व्हिन या सुधारकाला दोन्ही बाजूंनी लढावं लागलं. एकीकडून सांगितलं जाई की शास्त्राला अधिकार मंडळीच्या शिक्क्यामुळे आहे. दुसरीकडे काही उत्साही मंडळी म्हणत, आम्हांला थेट आत्मा मिळालाय, अक्षरांची गरज काय? पहिल्यांना त्याने दिलेलं उत्तर मला फार आवडतं. शास्त्र देवाचं आहे ही खात्री आत्मा आतून साक्ष देऊन पटवतो. पांढऱ्या-काळ्याचा, गोड-कडूचा फरक जसा ज्याचा त्याला कळतो तसं. भरिताची चव सिद्ध करायला कोणी प्रमाणपत्र मागत नाही, खाऊन बघतो. दुसऱ्यांना त्याने सांगितलं की शास्त्र ज्याने दिलं तोच हा आत्मा आहे, तो स्वतःच्याच शब्दाविरुद्ध कसा बोलेल? शास्त्राला त्याने चष्म्याची उपमाही दिली आहे. नजर अधू झालेल्या म्हाताऱ्यापुढे पुस्तक ठेवलं तर काहीतरी लिहिलंय एवढंच त्याला कळतं, चष्मा लावला की अक्षरं स्वच्छ दिसतात.

कॅथलिक बंधुभगिनी यात परंपरेला अधिक मोठं स्थान देतात. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शास्त्र आणि परंपरा यांना वचनाचा एकच ठेवा म्हटलं. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही, पण एवढं कबूल करतो की एकट्याने, कोणालाही न विचारता शास्त्राचा अर्थ लावणाऱ्या आमच्यातल्या काहींपेक्षा त्यांचा सावधपणा बरा.

पोथ्यापुराणांतली उदाहरणं दूरची वाटत असतील तर आपल्या मराठी मुलखातलं घ्या. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं. शेकडो मुली रडून पापकबुली देत होत्या, तासन्‌तास प्रार्थना चालत होत्या, आत्म्याच्या अनुभवाची वर्णनं परदेशापर्यंत गेली. अशा वेळी रमाबाईंना ‘देवाने मला सांगितलं’ म्हणून एखादा पंथ काढणं सहज जमलं असतं. नाव होतं, माणसं होती, पैसाही येत होता. या बाईंनी काय केलं? इब्री आणि ग्रीकचे व्याकरणग्रंथ, शब्दकोश घेऊन बसल्या आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत सबंध बायबलचं भाषांतर करायला घेतलं. आयुष्याची उरलेली वर्षं त्यात गेली. मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्याच स्त्रिया खिळे जुळवत होत्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तेव्हा शेवटची मुद्रितं कुठे तपासून झाली होती. आत्म्याने भरलेली स्त्री शब्दकोशाकडे गेली. आत्मा कुणाला नेमका कुठे नेतो, असं मला कोणी विचारलं की मी केडगावचा तो छापखाना दाखवतो.

आता आत्मा आजही एखाद्याला मार्ग दाखवतो का? दाखवतो. नाही म्हणणारा मी कोण? पण मार्ग दाखवण्याबद्दल स्तोत्रकर्त्याने वापरलेला शब्द बघा: पावलांसाठी दिवा. आपल्याकडे शेताला वीज रात्रीची मिळते. बॅटरी हातात धरून कपाशीला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला बांधावरचं पुढचं पाऊल दिसतं, चार वावरांपलीकडचं दिसत नाही. तेवढ्या उजेडात तो दारं मोडतो, साप चुकवतो आणि पहाटे घरी येतो. चार वावरांपलीकडचंही मला दिसतं असं सांगणाऱ्यापासून जपून राहा.

इथे माझंच एक सांगतो. ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्याचा मला हक्क नाही. तरुणपणी मी नंदुरबारकडच्या डोंगराळ भागात सेवेला होतो. एका घरात नऊ वर्षांचा मुलगा सिकलसेलने आजारी होता. प्रार्थना करताना माझा गळा भरून आला, अंगावर काटा आला, आणि मी मोठ्याने म्हटलं, “प्रभूने मला दाखवलंय, हा मुलगा उठून चालेल.” अकराव्या दिवशी तो गेला. मातीच्या दिवशी त्याच्या आईने मला बोल लावला नाही. तिने एवढंच विचारलं, “देव खोटं बोलला, का तुम्ही?” मी म्हटलं, मी. ती मान हलवून आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. त्या चहानंतर आजतागायत मी ‘प्रभूने मला दाखवलं’ असं कोणाला म्हटलेलं नाही. ‘मला असं वाटतं, तुम्ही पारखून घ्या’ एवढं म्हणतो. माझा कंठ दाटून आला होता तो खरा होता, मुलावरची माया खरी होती. मायेलाच मी देवाचा आवाज समजलो.

मोठमोठ्यांचं असं झालं आहे. दावीद राजा म्हणाला, मला देवासाठी मंदिर बांधायचंय. नाथान संदेष्टा चटकन बोलून गेला, तुझ्या मनात आहे ते सगळं कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री देवाने त्याला परत पाठवलं, जाऊन सांग, तू बांधायचं नाहीस. नाथान खोटा संदेष्टा नव्हता. तो स्वतःचं मत देवाच्या नावावर सांगून बसला होता. त्याचा मोठेपणा असा की सकाळी जाऊन त्याने आपला शब्द मागे घेतला.

तुमच्या आईंना मात्र बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा तेरावा अध्याय वाचून दाखवा. यहूदाहून एक देवाचा माणूस बेथेलला गेला होता. देवाने त्याला स्पष्ट बजावलं होतं, तिथे अन्नपाणी घेऊ नकोस, आल्या वाटेने परत फिरू नकोस. तिथला एक म्हातारा संदेष्टा गाढवावर बसून त्याच्या मागे गेला आणि म्हणाला, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितलंय की तुला घरी आणून जेवू घाल. शास्त्र तिथेच पुढे सांगतं, तो त्याच्याशी खोटं बोलला. देवाचा माणूस जेवला, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारलं. देवाने स्वतः दिलेला शब्द त्याच्याजवळ होता. तो त्याने दुसऱ्याच्या देवदूतासाठी सोडला. देवाच्या माणसाचा शब्द मोडू नये असं आई म्हणतात ना, त्यांना विचारा, या गोष्टीतला देवाचा माणूस कशाने मेला?

आणि भावाला, ज्याला सगळं थोतांड वाटतं, त्याला यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय द्या. तिथेही जमीनच आहे, फक्त उलट बाजूने. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे, यिर्मया कैदेत आहे, जमिनीला कवडीची किंमत नाही. देव त्याला सांगतो, तुझा चुलतभाऊ हनामेल येईल आणि अनाथोथचं शेत घे म्हणेल. मग हनामेल खरोखर येतो आणि तेच बोलतो. यानंतरचं वाक्य मी बायबलमध्ये लाल पेन्सिलीने खूण करून ठेवलंय: तेव्हा हा परमेश्वराचा शब्द आहे हे यिर्मयाने जाणलं. तेव्हा! आधी नाही. यिर्मयासारखा यिर्मयासुद्धा ऐकल्याबरोबर पैसे मोजायला धावला नाही. घटना घडेपर्यंत थांबला. नंतर सतरा शेकेल रुपं तोलून दिलं, साक्षीदार बोलावले, खरेदीखताची एक मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन प्रती केल्या आणि मातीच्या भांड्यात ठेवल्या. खर्च कोणाचा झाला? यिर्मयाचा. फायदा? त्याचा तर नाहीच. तुमच्या प्रचारकांच्या संदेशात विकायचं वडिलांनी आणि वाटा जायचा सेवेला. ती सेवा कोणाची, तिचा हिशेब कोण ठेवतं, हे कोणी विचारलं का?

थेस्सलनीकाकरांना पौलाने दोन्ही गोष्टी एका दमात लिहिल्या आहेत. आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, हे तुमच्या भावासाठी. आणि लगेच पुढे: सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा, हे तुमच्या आईंसाठी. पारख करणं म्हणजे अविश्वास, ही समजूत आपल्या मंडळ्यांत कोणी रुजवली कोण जाणे. आपल्याकडे व्यापारी कापूस घेताना मूठभर बोंडं काढून धागा ओढून बघतो. त्याने शेतकऱ्याचा अपमान केला असं कोणी म्हणत नाही. बिरुयाच्या लोकांनी तर खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्र उघडून तपासलं, आणि त्याबद्दल त्यांना थोर मनाचे म्हटलं आहे. ज्याला पारखून घेतलेलं चालत नाही, त्याने करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय वाचलेला नाही. तिथे दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी निर्णय करावा असा नियमच आहे.

शिवाय तुमच्या वडिलांच्या अंगात आत्मा नाही का? वडिलांच्या शेताबद्दल, वडिलांच्या लेकरांबद्दल सांगायचं असेल तर देव वडिलांशी काहीच बोलणार नाही, बाहेरगावच्या अनोळखी माणसाशीच बोलेल, हे मला पटत नाही. अगाब नावाच्या संदेष्ट्याने पौलाला सांगितलं होतं की यरुशलेमात तुला बांधतील. ते खरं ठरलं. पण जमलेल्या भावंडांनी त्यावरून ‘मग जाऊ नकोस’ असा निष्कर्ष काढला, आणि पौल तरीही गेला, कारण काय करायचं हे त्याच्या स्वतःच्या अंतःकरणात ठरलेलं होतं.

जाता जाता वचनपेटीबद्दल, म्हणजे बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्यांच्या पेटीबद्दल, कारण तुम्ही पुढे लिहिलंय की वडिलांनी चिठ्ठी काढली आणि ‘तू आपला देश सोडून जा’ हे अब्राहामाचं वचन निघालं. एकतीस डिसेंबरच्या रात्री मीही चिठ्ठी काढतो, आनंदाने काढतो, वर्षभर ती बायबलमध्ये ठेवतो. पण जमीन विकण्यासाठी काढत नाही. ते वचन अब्राहामाला सांगितलं होतं. त्याच पेटीत ‘देशात वस्ती कर’ अशीही चिठ्ठी असणार, सदतिसाव्या स्तोत्रातली. ती हाताला लागली नाही इतकंच.

त्या प्रचारकांना शत्रू समजू नका. कदाचित त्यांचाही नंदुरबारच्या त्या घरात माझा झाला होता तसाच घोटाळा झाला असेल. ते पुन्हा येणार आहेत म्हणता. आले की मंडळीच्या वडीलजनांना बसवा, वडिलांना मधे घ्या, आणि नम्रपणे विचारा: भाऊ, हे शास्त्रात कुठे बसतं ते दाखवा, आणि वडिलांना स्वतःला तशी खात्री होईपर्यंत आम्ही थांबलो तर चालेल ना? ते काय उत्तर देतात यापेक्षा, प्रश्न ऐकल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो, तिकडे लक्ष ठेवा.

त्याआधी या शनिवारी वडिलांना घेऊन माझ्याकडे या. यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय आपण सावकाश वाचू, आणि वाचायचा त्यांनीच, मी नाही. त्यांना चष्मा आणायला सांगा, मागच्या वेळी घरीच विसरून आले होते.